शिवरात्रीचं रताळं आणि ओकिनावाची शंभरी

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी लातूरच्या गंजगोलाईत एक चक्कर मारा. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि त्या दिवशी भाजीवाल्यांच्या पुढ्यातली मेथी-पालक मागं सरकून रताळी पुढं आलेली असतात. काही लालसर-गुलाबी सालीची, काही पांढरट, अंगाला अजून माती चिकटलेली. बाया एकेक रताळं हातात घेऊन फिरवून पाहतात, भोकं पडलेलं बाजूला टाकतात आणि किलो-दोन किलो पिशवीत भरून घेतात. दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराची यात्रा असते. नांदेडच्या इतवाऱ्यात हेच चित्र. इकडं औंढा नागनाथ, तिकडं परळी वैजनाथ; दोन ज्योतिर्लिंगांच्या सावलीतल्या या मुलखात शिवरात्रीचा उपवास धरणाऱ्या घरात रताळं शिजलं नाही, असं सहसा होत नाही.

पारणं झालं की मात्र रताळं संपलं. पुढं त्याची आठवण येते ती थेट आषाढीला.

याच रताळ्यावर जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांनी जवळजवळ साडेतीनशे वर्षं काढली. सणाला नाही, उपवासाला नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आणि पुढं जगभरचे डॉक्टर ज्या बेटांवर शंभरी गाठलेली माणसं मोजायला गेले, ती हीच बेटं. ओकिनावाच्या लोकांनी रताळं खाऊन नेमकं काय मिळवलं आणि त्यातलं आपल्या ताटात किती येऊ शकतं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. रताळ्याच्या नावावर खोटं फार खपवलं जातं, तेही निवडून बाजूला काढायला हवं.

आधी नावाचा घोळ सोडवू. मराठवाड्यात बरेच जण याला ‘रताळू’ म्हणतात. गुजरातेत रताळू मागितलं तर हातात जांभळं कोनफळ पडेल, जे उंधियूत घालतात. आपल्या रताळ्याला तिथं शक्करिया म्हणतात. उदगीर-निलंग्याकडून कर्नाटकात उतरलं की तेच गेणसु होतं. आपलं ‘रताळं’ संस्कृतातल्या ‘रक्तालु’शी जोडतात, पण जुन्या ग्रंथांतला रक्तालु हे रताळं असू शकत नाही, तो कोनफळाच्या जातीचा लाल कंद असावा. कारण रताळं मुळात अमेरिका खंडातलं. कोलंबसाच्या सफरींनंतर ते युरोपात गेलं आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडं आलं. कॅरिबियन बेटांवरचे टाइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, पुढं तो दुसऱ्याच एका कंदाला चिकटला, आणि आज आपण वडापावात ज्याला बटाटा म्हणतो त्यानं खरं तर रताळ्याचं नाव घेतलेलं आहे. दोघांचं नातं तेवढंच. बटाटा वांग्या-टोमॅटोच्या कुळातला, आणि तो जमिनीखालचा खोडाचा भाग. रताळं गारवेलीच्या कुळातलं, आणि ते खरोखरीचं मूळ, अन्न साठवून फुगलेलं.

म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात एकादशीला रताळं नव्हतं. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, यांतलंही काही नव्हतं. हे सगळे अमेरिकेतून आलेले पाहुणे. उपवासाचे नियम धान्याबद्दलचे होते. नव्यानं आलेला कंद धान्यात मोडत नव्हता, म्हणून त्याला फराळात सहज जागा मिळाली. शेतीचं वेळापत्रकही जुळलं. पाऊस संपता संपता लावलेला रताळ्याचा वेल साडेतीन-चार महिन्यांत काढणीला येतो, आणि माघ वद्य चतुर्दशीला बाजारात ताजा माल असतो. इथपर्यंत छान झालं. पण उपवासात शिरलेलं रताळं पुढं उपवासातच अडकून पडलं. ते रोज खायची वस्तू आहे हे आपण विसरलो.

ओकिनावात उलटं घडलं. हा भाग तेव्हा र्‍युक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. १६०५ साली नोगुनी सोकान नावाच्या माणसानं चीनच्या फुजियान प्रांतातून रताळ्याचं बेणं आणलं. गिमा शिंजो या अधिकाऱ्यानं ते मागून घेतलं, लावून पाहिलं आणि बेटभर पसरवलं. बेटांवर दरवर्षी वादळं येतात, उभा भात झोडपून काढतात. रताळं जमिनीखाली असतं. वर वादळ येऊन गेलं तरी खाली अन्न शाबूत. एवढ्या एका कारणानं लोकांनी त्याला जीव लावला. तिथून ते जपानच्या मुख्य बेटांवर, सात्सुमा प्रांतात गेलं. माएदा रिएमोन या खलाशानं १७०५ च्या सुमाराला ते नेलं असं सांगतात, आणि त्याच्या नावाचं देऊळ आजही कागोशिमा जिल्ह्यात आहे. १७३२ च्या मोठ्या दुष्काळानंतर आओकी कोन्यो या विद्वानानं एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, १७३५ मध्ये सरकारी आश्रयानं त्याची लागवड करून दाखवली. लोक त्यांना ‘रताळेगुरुजी’ म्हणू लागले. सात्सुमातून आलेला कंद म्हणून जपानी लोक रताळ्याला ‘सात्सुमाइमो’ म्हणतात. ‘इमो’ म्हणजे कंद.

आता त्या ताटाकडं बघू. दुसऱ्या महायुद्धात ओकिनावा बेचिराख झालं, नंतर तिथं अमेरिकी प्रशासन आलं. १९४९ साली लोक काय खातात याची पाहणी झाली, तिचे आकडे उपलब्ध आहेत. माणशी दिवसाला सुमारे ८४९ ग्रॅम रताळं. भात दीडशे ग्रॅमच्या आसपास. सोयाबीन आणि इतर डाळी सत्तर ग्रॅम. मासे पंधरा ग्रॅम, मांस तीन ग्रॅम. दिवसाची एकूण ऊर्जा १,७८५ कॅलरी, आणि तिचा दोन तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या रताळ्याचा. हे आकडे वाचताना एक गोष्ट डोळ्यांआड होऊ नये: ही गरिबी होती. कोणी आयुष्य वाढावं म्हणून रताळं खात नव्हतं. आपल्याकडं १९७२ च्या दुष्काळात माणसं मदतीत मिळणारी सुकडी आणि मिलो नावाची परदेशी ज्वारी खाऊन जगली, ती काय आरोग्यासाठी? फरक इतकाच की ओकिनावाच्या नशिबी जे गरिबाचं अन्न आलं, ते योगायोगानं चांगलं निघालं.

त्या ताटात रताळ्याच्या बाजूला काय असे, हे वाचलं तेव्हा मी थांबलोच. कारलं, ज्याला ते गोया म्हणतात. घोसाळं, म्हणजे त्यांचं नाबेरा. सोयाबीनचं तोफू. समुद्री शेवाळ. आणि हळद, तिथल्या बोलीत उच्चिन, जिचा काढा करून पितात. शेवाळ आणि तोफू सोडलं तर ही नांदेडच्या मंडईतली पिशवी झाली! हळदीचं तर बोलायलाच नको; अर्धापूर, वसमत हा सगळा पट्टाच हळदीचा, आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. खाण्याच्या पद्धतीतही ओळखीची माणसं भेटतात. ‘हारा हाची बू’ म्हणजे पोट दहातलं आठ भाग भरलं की हात थांबवायचा. वाग्भटांनी अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग करून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्यासाठी मोकळा ठेवायला सांगितलं आहे. आपल्या आज्या तेच ‘दोन घास कमी खावं’ असं सांगत. ओकिनावात शेजारीपाजारी मिळून दर महिन्याला पैसे गोळा करतात, एकेकाला पाळीपाळीनं देतात आणि त्या निमित्तानं आयुष्यभर एकमेकांना धरून राहतात. त्याला ते ‘मोआई’ म्हणतात. आपण भिशी म्हणतो.

डॉ. माकोतो सुझुकी यांनी १९७५ मध्ये ओकिनावातल्या शतायुषींचा अभ्यास सुरू केला आणि हे सगळं जगासमोर आलं. त्यांच्या गटाला तिथल्या वृद्धांमध्ये हृदयविकार आणि काही कर्करोग कमी दिसले. पण इथं दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण रताळ्याची जाहिरात करणारे त्या सांगत नाहीत. पहिली, १९४५ च्या लढाईत ओकिनावातल्या जन्मनोंदी मोठ्या प्रमाणात जळाल्या. सॉल न्यूमन या संशोधकानं जगभरच्या ‘शंभरीच्या गावां’ची कागदपत्रं तपासून दाखवलं की जिथं नोंदी कच्च्या असतात तिथं शतायुषींची संख्या फुगलेली दिसते. २०२४ मध्ये या कामाबद्दल त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. तेव्हा शंभरीच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. अमेरिकी तळांबरोबर डबाबंद मांस, बर्गर, तळलेलं खाणं आलं, रताळं ताटातून उतरलं, आणि २००० च्या पाहणीत जपानच्या ४७ जिल्ह्यांत ओकिनावाच्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान २६ व्या क्रमांकावर घसरलं. जपानी वर्तमानपत्रांत तो ‘२६ चा धक्का’ म्हणून गाजला. २०२० मध्ये ते ४३ व्या क्रमांकावर गेलं. बेट तेच, हवा तीच, रक्त तेच. बदललं ते ताट आणि बैठं जगणं.

रताळ्यात असं आहे तरी काय? एक रताळं कापून पाहा. सुरी फिरताच कडेला दुधासारखा चीक येतो, बोटाला चिकटतो, वाळला की काळा पडतो. फोडी तशाच ठेवल्या तर त्याही काळवंडतात, म्हणून आपण त्या पाण्यात टाकतो. हा काळेपणा म्हणजे रताळ्यातल्या क्लोरोजेनिक आम्लासारख्या पॉलिफेनॉल द्रव्यांची हवेतल्या ऑक्सिजनशी झालेली गाठभेट. वनस्पती ही द्रव्यं स्वतःच्या बचावासाठी बनवते, आणि ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून ज्यांचा गाजावाजा होतो ती हीच मंडळी.

शंभर ग्रॅम रताळ्यात साधारण ८६ कॅलरी, वीस ग्रॅम कर्बोदकं, तीन ग्रॅम तंतू आणि ३३७ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. प्रथिनं दीड ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे कमीच. शेजारी साबुदाणा ठेवून पाहा: शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, आणि प्रथिनं, तंतू जवळजवळ शून्य. उपवासाला साबुदाण्याची खिचडी तुपात परतून पोटभर खाणं आणि दोन रताळी उकडून खाणं, यांत शरीराच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. तंतूंमुळं पोट साफ राहतं आणि भूक लवकर लागत नाही. पोटॅशियममुळं रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते. लोणचं-पापड-ठेचा यांतून मीठ भरपूर खाणाऱ्या आपल्या माणसांना त्याची गरज जास्त आहे. म्हातारपण आधी रक्तवाहिन्यांत येतं, मग चेहऱ्यावर दिसतं. त्यामुळं रताळ्याला ‘तारुण्य राखणारं’ म्हणायचंच असेल तर ते या अर्थानं म्हणावं.

रंगाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्या बाजारातलं बहुतेक रताळं आतून पांढरं किंवा फिकट पिवळं असतं. केशरी गराच्या रताळ्यात बीटा-कॅरोटीन असतं, त्यापासून शरीर जीवनसत्त्व अ तयार करतं; जांभळ्या गराच्या रताळ्यात अँथोसायनिन, जे जांभळात आणि काळ्या द्राक्षांत असतं. पांढऱ्यात ही दोन्ही नावापुरती. आफ्रिकेत केशरी रताळ्यानं मुलांमधली जीवनसत्त्व अ ची कमतरता भरून काढायला हातभार लावला, आणि त्या कामासाठी मारिया अँड्राडे, रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि हॉवर्थ बॉइस यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडं तिरुवनंतपुरमला १९६३ पासून केंद्रीय कंद पीक संशोधन संस्था आहे. तिथल्या ‘भू सोना’ या केशरी वाणात शंभर ग्रॅमला १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आहे, आणि ‘भू कृष्णा’ या जांभळ्या वाणात ९० मिलिग्रॅम अँथोसायनिन. म्हणजे ओकिनावाच्या जांभळ्या ‘बेनी इमो’साठी जपानला जायची गरज नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं लोह-जस्त वाढवलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी आणली, तशी ही रंगीत रताळी आपल्या शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोचायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

आता गोळ्यांविषयी. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी मांडलं की श्वसनातून तयार होणारे चंचल ऑक्सिजन-कण पेशींना इजा करत राहतात आणि म्हातारपण हे त्या इजेचं साठत गेलेलं फळ आहे. मग लोकांनी सरळ गणित मांडलं: अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या खा, म्हातारपण लांबेल. गणित फसलं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या; १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला दिसला. अमेरिकेतली अशीच चाचणी तोच निष्कर्ष आल्यानं १९९६ मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली. जे द्रव्य रताळ्यात, गाजरात चाळीस जणांच्या मेळ्यात येतं तेव्हा गुणी असतं, ते एकटं काढून भरमसाट दिलं तर अंगावर उलटू शकतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यानं अशी गोळी मुळीच घेऊ नये. ताटातलं रताळं त्यानं खुशाल खावं.

दुसरी एक गोष्ट वारंवार ऐकू येते. जपानच्या यामानाशी जिल्ह्यात युझुरिहारा नावाचं डोंगरातलं गाव आहे. उतारावर भातशेती होत नाही, म्हणून तिथले लोक सातू, बाजरीसारखी भरड धान्यं आणि कंद खात, आणि दीर्घायुषी होत. तोयोसुके कोमोरी या तिथल्या डॉक्टरांनी या गावाचा अनेक वर्षं अभ्यास केला. पुढं या कंदांमुळं शरीरात हायलुरोनिक आम्ल वाढतं आणि त्वचा तुकतुकीत राहते, असा बोलबाला झाला. अळकुडीच्या चिकट रसाकडं बोट दाखवून त्याच्या कॅप्सूल आणि क्रीम विकली गेली. खरी गोष्ट अशी: हायलुरोनिक आम्ल १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईगुरांच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून वेगळं काढलं. ते प्राण्यांच्या शरीरात आणि काही जिवाणूंत बनतं. वनस्पती ते बनवत नाहीत. अळकुडीचा, कोनफळाचा बुळबुळीतपणा दुसऱ्याच कर्बोदकांचा आणि प्रथिनांचा असतो. तेव्हा रताळं खाऊन सुरकुत्या जातील, असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. युझुरिहाराचा खरा धडा आपल्याला जवळचा आहे: भरड धान्य, कंद, डोंगर चढणं-उतरणं आणि कमी मांस. ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला यात परकं काय आहे?

शिजवण्याकडं वळू, कारण निम्मा गुण तिथंच ठरतो. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं विकर असतं. साठ ते पंच्याहत्तर अंशांच्या उष्णतेत ते पिष्टाचं माल्टोज साखरेत रूपांतर करत राहतं. म्हणून मंद आचेवर भाजलेलं रताळं मधासारखं गोड लागतं. जपानात हिवाळ्यात तापलेल्या दगडांवर रताळी भाजून हातगाडीवर विकतात. आपण चुलीच्या आरात, राखेत पुरून भाजतो, आणि साल सोलताना वाफेबरोबर तो करपट-गोड वास येतो. चव तिथं एक नंबर, पण साखरही तिथं जास्त. जमैकात दहा वाणांवर झालेल्या चाचणीत उकडलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्यानं चढते त्याचं माप, ४१ ते ५० होता, भाजलेल्याचा ८० ते ९० च्या घरात. एकच कंद, फक्त शिजवण्याचा फरक. मधुमेह असलेल्यानं म्हणून रताळं सालीसकट उकडून खावं, भाजलेलं टाळावं, गुळाच्या पाकातल्या फोडी तर नकोच.

आणि प्रमाण पाळावं. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचं एक मध्यम रताळं हे साधारण एका भाकरीच्या जागी आहे. भाकरी, भात, वर रताळं, असं केलं तर फायदा कसला? भाकरीऐवजी रताळं घेतलं तर प्रथिनं कमी पडतात, म्हणून सोबत वाटीभर तुरीचं वरण हवं. ओकिनावात ती जागा सोयाबीन भरून काढत होतं. लातूरकडं बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये मानांकन मिळालं आहे, म्हणजे डाळ दूर नाही. थोडं तूप, तेल किंवा शेंगदाण्याचा कूट असला की केशरी रताळ्यातलं कॅरोटीन शरीरात नीट शोषलं जातं, कारण ते स्निग्धात विरघळणारं आहे. आपल्या आज्या रताळ्याच्या किसावर जिऱ्याची फोडणी देऊन कूट घालायच्या, ते किती बरोबर होतं! किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र पोटॅशियममुळं, आणि मुतखडा होणाऱ्यांनी ऑक्झलेटमुळं, डॉक्टरांना विचारूनच रताळं रोजचं करावं.

एक गोष्ट जपून. कधी कधी उकडलेल्या रताळ्याचा एखादा घास कडूजहर लागतो, आणि आत पाहिलं तर काळपट-तपकिरी बोगदा दिसतो. सोंड्या भुंग्याची अळी आत शिरली की रताळं बचावासाठी इपोमियामॅरोन नावाचं कडू विष बनवतं. ते शिजवून जात नाही. कडू भाग कापून बाकीचं खाण्यापेक्षा तसं रताळं टाकून द्यावं, गुरांनाही घालू नये. बाजारात बाया भोकं पडलेलं रताळं बाजूला टाकतात ते याचसाठी.

शेतकऱ्यासाठी थोडं. रताळ्याला हलकी, भुसभुशीत, पोयट्याची जमीन मानवते. आपल्या भारी काळ्या रानात ते वेडंवाकडं होतं आणि काढताना तुटतं, म्हणून गोदावरी-मांजराच्या काठच्या गाळपेऱ्यात आणि माळाच्या हलक्या रानात त्याला जागा आहे. बी लागत नाही. वेलाचे वीतभर-सव्वा वीत तुकडे सरी-वरंब्यावर खोचले की झालं. उसाच्या तुलनेत पाणी फारच कमी. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं, ते पाहिलेल्या जिल्ह्यात चार महिन्यांत निघणाऱ्या, कमी पाण्याच्या अन्नपिकाला एक-दोन गुंठे देणं अवघड नसावं. आणि पाला टाकून देऊ नका. ओकिनावात रताळ्याच्या कोवळ्या पानांना कांदाबा म्हणतात आणि ती पातळ भातात घालतात. आपण ती गुरांपुढं टाकतो. लसणाची फोडणी देऊन नुसती परतली तरी पालकासारखी भाजी होते, आणि डोळ्यांना हवं असलेलं ल्युटिन त्या पानांत भरपूर असतं.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बाजारात जा. गर्दी ओसरलेली असते, आणि भाजीवाल्या मावशी उरलेली रताळी भराभरा काढून टाकायच्या बेतात असतात. त्या दिवशी दोन किलो घ्या, घट्ट आणि बिनभोकाची पाहून. फ्रिजमध्ये ठेवू नका, आतून कडक होतात. कोरड्या, हवेशीर जागी टोपलीत ठेवा, आठ-पंधरा दिवसांत गोडी आणखी वाढते. मग आठवड्यातून दोनदा, संध्याकाळच्या एका भाकरीच्या जागी, सालीसकट उकडलेलं एक रताळं आणि वाटीभर वरण घ्या.